दोऱ्याला मेण

समिधानं तो कागद तिसऱ्यांदा वाचला आणि हातात घेऊनच ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

"काकू, तुम्ही दोऱ्याला लावता ते मेण कसलं असतं हो?"

आशा बोंबील धूत होती. "कसलं म्हणजे? मेणाचं."

"म्हणजे मधमाशांचं?"

"मग काय मुंग्यांचं?"

आशा स्वतःच्याच बोलण्यावर हसली. पुतणी हसली नाही. ती चौकटीला टेकून उभी राहिली आणि तिनं कागद मोठ्यानं वाचायला घेतला. प्राणिजन्य पदार्थ, म्हणजे चामडं, लोकर, रेशीम, पिसं, शिंग, सरस, लाख. आणि सगळ्यात शेवटी, एवढ्या मोठ्या यादीत कुणाचं लक्षही जाऊ नये अशा जागी, मधमाशीचं मेण.

"म्हणजे काय झालं?" आशानं विचारलं.

"म्हणजे आपल्या बॅगा व्हीगन नाहीत, काकू. एकही नाही."

घड्याळात पावणेदहा झाले होते आणि तपासणीवाली बाई अकराला यायची होती.

समिधाच्या 'सोपट'ला चार वर्षं झाली होती. केळीच्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या सालींचे, धागे काढून त्याचं कापड विणवायचं आणि त्याच्या पर्सा शिवायच्या, हा उद्योग तिनं सुरू केला तेव्हा घरात कुणाला तो आठ महिन्यांवर टिकेलसं वाटलं नव्हतं. आता भाईंदर पूर्वेला गाळा होता, गाळ्यात पाच माणसं होती, आणि प्रत्येक पर्सच्या आत एक चिठ्ठी शिवलेली असायची, 'एकाही जिवाला न दुखावता'. बंगळुरूच्या एका दुकानवाल्यांना हा माल त्यांच्या सगळ्या दुकानांत हवा होता. फक्त त्यांची अट होती, की बाहेरच्या संस्थेनं येऊन सगळं तपासायचं. कापड कुठलं, रंगाचं पाणी कुठं जातं, माणसांना कसं वागवता, आणि चिठ्ठीवर लिहिलंय ते खरं आहे का. गुरुवारी गाळा पाहून झाला होता. राहिलं होतं फक्त हँडल, कारण हँडल गाळ्यात शिवलंच जात नव्हतं. ते या घरात, गॅलरीतल्या पाटावर बसून आशा हातानं शिवत होती.

आणि हे हँडल हाच सगळा प्रश्न होता. आशाचा मुलगा निकेत, जो धंद्याची बाहेरची बाजू बघायचा, तो गेलं वर्षभर मागं लागला होता की हँडलं वसईला मशीनवर करून घेऊ, आईचा वेग आपल्याला परवडत नाही. बंगळुरूवाल्यांना नेमकं हातानं शिवलेलं हँडल आवडलं म्हणून तो गप्प बसला होता. तपासणी पार पडली तर आशाची जागा पक्की होती. नाही पडली तर गाळाच राहतो की नाही याची शंका होती, मग हँडल कुठलं आणि आशा कुठली. नवरा गेल्यानंतरच्या अकरा वर्षांत तिला या पाटानं जेवढं सावरलं होतं तेवढं कुठल्या माणसानं सावरलं नव्हतं, आणि हे तिला स्वतःला पुरतं ठाऊक होतं.

निकेत केस पुसत बाहेर आला. समिधानं त्याला सांगितलं. त्यानं टॉवेल खुर्चीवर टाकला.

"एवढंच ना? घरात मेणबत्ती आहे. ती पेट्रोलपासून बनते. माशी नाही, मुंगी नाही, काही नाही. आई, आज ती घास दोऱ्याला."

"पेट्रोल चालतं?" दाजींनी खिडकीजवळच्या खुर्चीतून विचारलं. आशाचे सासरे ब्याऐंशीचे होते आणि नको तेव्हा त्यांना बरोबर ऐकू यायचं.

"चालतं, दाजी."

"आणि माशीचं चालत नाही?"

"तुम्ही यात पडू नका."

"मी कुठं पडतोय? मी विचारतोय. तुमच्या त्या केळीच्या कापडावर जो चकचकीत थर आहे, तो पण प्लास्टिकचाच ना? तो चालला, पेट्रोल चाललं, आणि माशीनं झक मारली."

"तो थर मी कागदावर लिहिलाय," समिधा म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "सगळं लिहिलंय. किती टक्के, कुठला, सगळं. मेण माझ्या डोक्यातच आलं नाही. दोरा लिहिला, पॉलिस्टर. दोऱ्याला काय लावतात ते कोण लिहितं?"

हे मात्र खरं होतं. या घरात मेण ही वस्तू नव्हतीच, ती दोऱ्याचाच भाग होती. दाजी संगमेश्वराकडून आले ते चपला शिवायचं काम हातात घेऊन, आणि आशा सून म्हणून आली तेव्हा पहिल्या महिन्यातच त्यांनी तिला दोरा मेणावरून कसा ओढायचा ते शिकवलं होतं. तीनदा ओढायचा, चौथ्यांदा बोटांत धरून गरम करायचा. मेण दरवर्षी शिमग्याला सुलूवन्सं गावाहून पाठवायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, पिवळं, अजून मधाचा वास असलेलं. चामडं गेलं, चपला गेल्या, दाजींची नजर गेली, पण मेण आपलं येतच राहिलं. ते थांबवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

एवढ्यात अमोल, समिधाचे वडील, कोथिंबीर घेऊन वर आले. त्यांना दारातच सगळी हकिकत ऐकवण्यात आली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते चपला काढता काढता म्हणाले. "वहिनी, मेणबत्ती घ्या. काय फरक पडतो?"

"आणि याआधीच्या आठशे बॅगा, बाबा?" समिधा म्हणाली.

"त्या कोण चाटून बघतंय?" निकेत म्हणाला.

"बाई आल्यावर मी खरं सांगून टाकते."

"सांग की. चार वर्षं बुडव. गाळ्यातल्या पाच जणांना सांग, एका माशीपायी घरी जा म्हणून. समू, अगं, आपण कुणाला फसवायला गेलो होतो का? नाही ना? मग? उद्यापासून मेणबत्ती. विषय संपला."

समिधानं ओठ चावला, खिडकीकडं पाहिलं, परत कागदाकडं पाहिलं. आशा तिच्या तोंडाकडं बघत होती. ही पोर पाच वर्षांची असल्यापासून खोटं बोलायच्या आधी असंच ओठ चावायची.

"काकू," समिधा अखेर म्हणाली, "आजच्या दिवस घ्याल का मेणबत्ती?"

निकेतनं सांगितलं असतं तर आशाला काही वाटलं नसतं. तो बोलतो तसं बोलणारच होता. पण समिधानं विचारलं, तेही खाली मान घालून. आशानं बोंबील झाकून ठेवले, हात धुतले आणि कोनाड्यातल्या गणपतीमागची मेणबत्ती घेऊन ती गॅलरीत गेली.

मेणबत्ती दोऱ्याला लागली खरी. पण लागली म्हणजे नुसती चिकटली. दोरा वाकवला की पांढरा भुगा पडायचा. आरीनं पाडलेल्या तिसऱ्या भोकातून ओढताना दोऱ्याचे पीळ सुटायला लागले आणि काळ्या पट्ट्यावर खडूसारखा डाग उठला. आशानं तो पदरानं पुसला. परत ओढला, परत पुसला. हात चालत होते, मन मात्र शेजारच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं.

शेजारी उर्मिलाबेन राहायच्या. जैन माणसं. कांदालसूण दूरच, मधाचं बोटसुद्धा त्यांच्या घरात जिभेला लागत नव्हतं. 'सोपट'ची अगदी पहिली पर्स त्यांनी घेतली होती, चामडं नाही म्हणून, आणि मग बिल्डिंगमधल्या सहा बायकांना घ्यायला लावली होती. ती पर्स खांद्याला लावून त्या रोज सकाळी देरासरला दर्शनाला जायच्या, लिफ्टमध्ये भेटल्या की हँडलवर हात फिरवून म्हणायच्या, "आशाबेन, तुम्हारा हाथ सोना है." आशाला ते फार आवडायचं. आज ते आठवून तिला कानकोंड्यासारखं झालं.

"आई, चहा कोरा ठेव हं," निकेत आतून ओरडला. "दूध दिसायला नको. आणि ते बोंबील कुठंतरी लपव."

"वास लपतो का रे?"

"अगरबत्ती लाव."

बेल अकराला पाच कमी असताना वाजली.

आलेली बाई तिशीची होती, सुती कुडता, पाठीला सॅक, घामेजलेली. तिनं नाव सांगितलं रेचल. तारोडीहून आले, डोंगरीला बस चुकली, म्हणून रिक्षा केली आणि रिक्षावाल्यानं सगळं भाईंदर फिरवलं, असं एका दमात सांगून ती सोफ्यावर बसली. कोऱ्या चहाचा एक घोट घेऊन तिनं कप खाली ठेवला.

"दूध संपलंय का?"

निकेतनं समिधाकडं पाहिलं. "नाही, म्हणजे आम्हाला वाटलं तुम्ही..."

"मी तर दुधाचाच पिते. आणि बोंबील आहेत ना आज? अगरबत्ती कशाला लावली? आमच्या दारात वलांडीवर बोंबील सुकत असतात, माझ्या नाकाला काय फसवताय." ती हसली. "मी माणसाचं ताट तपासत नाही, पर्स तपासते."

दाजी खुर्चीत खूश झाले. "तारोडीला माझा एक गिऱ्हाईक होता. रेमंड. दर नाताळला चपला न्यायचा."

"आमच्याकडं चार रेमंड हायेत, बाबा. कुठला ते सांगा."

निकेत घाईघाईनं मध्ये पडला. "दाजींना कारागिरीची खूप जुनी परंपरा आहे, मॅडम."

"कसली?"

"हातकामाची."

"चपलांची," दाजी म्हणाले. "चामड्याच्या. पन्नास वर्षं. मेलेल्या जनावराचं कातडं, मी कुठलं जनावर मारलं नाही. पण लोकांनी आम्हाला घरात घेतलं नाही, आणि आता ही पोरं वेबसाईटवर परंपरा लिहितात आणि कसली ते लिहीत नाहीत."

अमोल कोथिंबीर निवडायला आत निघून गेले. कुठल्याही अवघड प्रसंगी त्यांना नेमकं काहीतरी निवडायचं असायचंच. रेचलनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मग ती आशाकडं वळली.

"काकी, तुम्ही शिवता ना? मला बघायचंय."

गॅलरीत दोघींपुरतीच जागा होती. समिधा आणि निकेत दारात उभे राहिले. आशानं पट्टा गुडघ्यांत धरला, आरी टोचली, दोन सुया दोन बाजूंनी काढल्या, ओढल्या. रेचल मांडी घालून समोर बसली होती आणि फार लक्ष देऊन बघत होती. अशा बघणाऱ्या माणसासमोर आशाला एरवी शिवायला चेव यायचा. आज तिची बोटं अवघडली होती.

"हे पांढरं काय पडतंय?"

"मेणबत्ती," दारातून निकेत म्हणाला. "पॅराफिन. दोरा गुळगुळीत राहायला."

"बरं." तिनं लिहिलं. "दिवसाला किती तास बसता, काकी?"

"पाच. कधी सहा."

"मान दुखते?"

"दुखते की. पण ती बसलं नाही तरी दुखते."

रेचल हसली. मग पान उलटून म्हणाली, "शेवटचा प्रश्न. घरून काम करणाऱ्या प्रत्येक बाईला विचारावा लागतो. एखादं काम तुम्हाला नको असेल, तुम्हाला पटत नसेल, तर तुम्ही नाही म्हणू शकता का?"

"हो, का नाही," निकेत म्हणाला. "घरचंच आहे सगळं."

"मी त्यांना विचारतेय."

आशानं सुई थांबवली. असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. माहेरी नाही, सासरी नाही, मुलानं तर नाहीच नाही. या घरात आल्यापासून आपण कधी नाही म्हटलं, हे ती आठवू लागली आणि तिला एकही प्रसंग आठवेना. तिनं दाराकडं पाहिलं. निकेत डोळ्यांनी खुणावत होता. समिधा ओठ चावत होती. आणि आशाला एकदम त्या पोरीची दया आली, स्वतःची आली, आणि त्या दोघींच्या दयेपेक्षा मोठा असा एक राग आला, त्या काळ्या पट्ट्यावरच्या पांढऱ्या भुग्याचा.

"म्हणू शकते," ती म्हणाली. "आत्ताच म्हणते. या मेणबत्तीनं मी शिवणार नाही. हे हँडल सहा महिन्यांत सुटेल आणि माझं नाव जाईल."

"आई!"

"मी मधाच्या पोळ्याचं मेण लावते, बाई. पहिल्या पर्सपासून. आजच फक्त मेणबत्ती घेतलीय, तुम्ही येणार म्हणून. समूला आज सकाळी कळलं. मला पण. यादीत मेण येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं."

निकेत पाय आपटत आत गेला. आतून कपाटाचं दार जोरात लागल्याचा आवाज आला. रेचलनं पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

"सगळ्या बॅगांना?"

"आठशेच्या आठशे."

"मेण कोण आणतं?"

"माझ्या नणंदेच्या गावचे लोक. धूर करतात, पोळं काढतात. थोडं झाडावर ठेवतात, माशा परत याव्यात म्हणून. पण माशा मरत नाहीत असं मी सांगणार नाही. काही मरतात."

रेचल बराच वेळ लिहीत राहिली. लिहून झाल्यावर ती समिधाकडं वळली आणि तिचा आवाज अगदी सरळ होता, ना गोड ना कडू. आज 'व्हीगन'च्या चौकोनात 'नाही' लागेल. बाकी जे नीट दिसलं ते नीट लिहिलं जाईल. झाडापासून काढलेलं मेण मिळतं, ते वापरून सहा महिन्यांनी परत अर्ज करता येईल. तोवर आतली चिठ्ठी काढायची आणि ज्यांनी घेतल्यात त्यांना कळवायचं. कळवलं की नाही, ते ती पंधरा दिवसांनी विचारेल.

"बंगळुरूवाले सहा महिने थांबतील?" समिधानं विचारलं.

"ते मला माहीत न्हाय गो," रेचल म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज थोडा खाली आला. सॅक उचलताना तिनं आशाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती निघून गेली.

दार लागलं तसा निकेत बाहेर आला. "झालं समाधान? ती लिहून मोकळी झाली होती, आई. चौकोन भरला होता तिनं."

"भरला होता."

"मग? कुणी विचारलं होतं तुला?"

"तिनं विचारलं होतं," आशा म्हणाली.

"अजून काही बिघडलेलं नाही," अमोल कोथिंबिरीचं ताट हातात धरूनच म्हणाले. "पंधरा दिवस आहेत. आठ दिवस थांब, समू. आधी बंगळुरूशी बोलून घे. मग कळवायचं ते कळव, जमेल तेवढ्यांना."

"जमेल तेवढ्यांना म्हणजे कुणालाच नाही," दाजी म्हणाले. "मला माहितीयेस ना तू."

समिधा कुणाचंच ऐकत नव्हती. ती लादीवर बसली होती आणि मोबाईलवर टाइप करत होती, खोडत होती, परत टाइप करत होती. आशा तिच्याजवळ जाऊन बसली.

"रागावलीस?"

"हो."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर पण. माझ्यावर जास्त. मी तुम्हाला मेणबत्ती घ्यायला लावली." तिनं नाक पुसलं. "काकू, हे पाठवलं की कदाचित गाळा जाईल. हँडलं पण जातील. तुमची जागाच राहणार नाही. पाठवू?"

आशाला नको म्हणावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. नाही म्हणता येतं हे तिला आत्ताच तर कळलं होतं. सोमवारची सकाळ तिच्या डोळ्यांसमोर आली, गॅलरी, पाट, आणि करायला काहीच नाही.

"पाठव," ती म्हणाली.

समिधानं पाठवलं. मग पाचही जण आपापल्या जागी बसून राहिले. निकेत दोनदा उठून खिडकीपर्यंत जाऊन आला. अमोलनी निवडलेली कोथिंबीर परत निवडायला घेतली. दाजींनी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. बोंबील तसेच पडले होते, कुणालाच भूक नव्हती.

बेल वाजली तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. दार आशानंच उघडलं. बाहेर उर्मिलाबेन उभ्या होत्या, एका हातात मोबाईल, खांद्याला पर्स.

"आशाबेन, ये समिधा का मेसेज आया. मेरे को बराबर समझा नहीं. मध का मीण लिखा है क्या?"

"हाँ, बेन."

"इसमें?"

"हाँ. हँडल में. धागे पे. मैंने लगाया है."

उर्मिलाबेनांनी पर्स खांद्यावरून काढली. ती जमिनीवर ठेवावी की हातात धरावी हे त्यांना कळेना. "मैं तो ये लेके देरासर जाती हूँ, रोज."

"मालूम है."

"तुमको मालूम नहीं था?"

"मेण का मालूम था. वो गिनती में आता है, ये मालूम नहीं था." आशानं नजर वळवली नाही. "गलती मेरी है, बेन. समिधा की नहीं."

उर्मिलाबेनांचे डोळे भरले. रागानं की कशानं, ते आशाला कळलं नाही. त्यांचा अंगठा सवयीनं हँडलवरून फिरला आणि मध्येच थांबला. मागं निकेत येऊन उभा राहिला होता, त्याचा श्वास आशाला ऐकू येत होता.

"दो इधर," आशा म्हणाली. "मैं पूरा हँडल खोल देती हूँ. एक टाका भी नहीं रखूँगी. दूसरा लगाके दूँगी, तुम्हारे को चलेगा ऐसा."

उर्मिलाबेनांनी पर्स पुढं केली. "कितना टाइम लगेगा खोलने को?"

आशानं ती दोन्ही हातांनी घेतली.

"सिलने से डबल," ती म्हणाली. "पक्का सिला है ना."